बिनशिवणीचा पायमोजा : गोल सुयांवरील विणकामाची ओळख

धाराशिव, प्रतिनिधी

बालाघाटच्या डोंगररांगांवर वसलेल्या धाराशिव जिल्ह्याची ओळख कडक उन्हाळा आणि वारंवार पडणारा दुष्काळ अशीच सर्वत्र आहे. मात्र येथील मार्गशीर्ष-पौषातील पहाट किती बोचरी असते, हे पौष पौर्णिमेला नळदुर्गच्या खंडोबाच्या यात्रेत उघड्यावर रात्र काढणाऱ्यांना चांगले ठाऊक असते. या थंडीवरचा परंपरागत उपाय म्हणजे घोंगडी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेल्या ताण्यावर विणलेली ही घोंगडी पांघरण्यापासून बसण्यापर्यंत सर्व कामांना येते. पावलांसाठी मात्र अशी स्वतःची वस्तू या परंपरेत तयार झाली नाही. पायमोजे आले ते शाळेच्या गणवेशाबरोबर आणि बाजारातून. 'मोजा' हा शब्दही फारसीतून आलेला असून, मूळ भाषेत त्याचा अर्थ पायात चढवायचा जोडा असा होतो.

बाजारातील पायमोजा यंत्रावर नळीसारखा विणला जातो आणि शेवटी बोटांपाशी त्याचे तोंड शिवून बंद केले जाते. बोटांवर आडवी येणारी ही शिवण निरोगी पावलाला फारशी जाणवत नाही. ज्यांच्या पावलांतील संवेदना कमी झालेली आहे, त्यांच्यासाठी मात्र हीच शिवण जखमेचे निमित्त ठरू शकते. हाताने गोल विणलेल्या मोजात ही शिवण टाळता येते. शिवाय तो मोजा त्या एका पावलाच्या मापाचा असतो. दोन सुयांवर स्वेटर किंवा मफलर विणता येणाऱ्या व्यक्तीला यासाठी केवळ तीन नव्या गोष्टी शिकाव्या लागतात : टाके गोलात जोडणे, टाच वळवणे आणि बोटांपाशी शिवण न घालता मोजा मिटवणे. पूर्वी अनेक शाळांत कार्यानुभवाच्या तासाला सुलट-उलट टाके शिकवले जात. त्या शिक्षणाच्या बळावर आजही हे काम हाती घेता येते.

माग आणि सुई यांतील फरक

घोंगडी विणणे आणि मोजा विणणे या दोन्हींना मराठीत 'विणणे' असेच म्हटले जाते. परंतु या दोन क्रिया मुळात वेगळ्या आहेत. मागावर ताणा आणि बाणा असे दोन धागे काटकोनात एकमेकांत गुंततात. असे कापड टिकाऊ असते. मात्र ते फारसे ताणले जात नाही. सुयांवरच्या विणकामात एकच सलग धागा असतो. त्याचा प्रत्येक फास खालच्या फासातून ओढून घेतलेला असतो. ओढ बसली की फास रुंदावतात आणि ओढ गेली की पूर्ववत होतात. पायमोज्याला नेमका हाच गुण हवा असतो. मध्यम पावलाचा घेर २२ सेंटीमीटर असेल, तर टाच आणि पायावरचा उंचवटा यांवरून तिरके घेतलेले माप ३० सेंटीमीटरच्या आसपास जाते. मोजा या मोठ्या घेरावरून सरकला पाहिजे आणि नंतर घोट्याला घट्ट बसलाही पाहिजे. मागावरच्या कापडाला हे साधत नाही.

मग घोंगडीची लोकर वापरून मोजा विणता येईल का, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ आणि केसाळ असते. पांघरायला ती उत्तम. पण दिवसभर त्वचेला घासत राहिली तर ती टोचते. जगभर मोज्यांसाठी वापरली जाणारी मेरिनो मेंढीची लोकर याच्या कितीतरी पट मऊ असते. त्यामुळे आपल्या मेंढपाळांच्या लोकरीला मोज्यात थेट स्थान मिळणे कठीण आहे. मेंढ्या कातरण्याची मजुरीही लोकरीच्या विक्रीतून निघत नाही, ही धनगर आणि सनगर समाजाची व्यथा जुनीच आहे, आणि मोज्यांच्या विणकामातून ती सुटेल असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. या लोकरीचा उपयोग घरात वापरायच्या जाड सपाता विणण्यासाठी करता येतो. मात्र त्याही आतून सुती मोजा घालूनच वापराव्यात.

चार सुयांपासून एका सुईपर्यंत

पायमोज्याचा इतिहास मोठा रंजक आहे. इजिप्तमध्ये सापडलेले, इसवी सनाच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकांदरम्यानचे लोकरी मोजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्यांत अंगठा वेगळा आणि उरलेली चार बोटे एकत्र अशी रचना आहे. पट्ट्यांच्या चपलांसोबत ते घातले जात. हे मोजे एकाच सुईने धाग्याचे फास गुंफण्याच्या जुन्या पद्धतीचे आहेत. आज आपण ज्याला दोन सुयांचे विणकाम म्हणतो, त्या पद्धतीचे जुने नमुनेही इजिप्तमध्येच मिळाले असून ते सुमारे ११ व्या ते १४ व्या शतकांतील आहेत. विशेष म्हणजे त्यांपैकी अनेक निळ्या-पांढऱ्या सुताचे आहेत. मोजा म्हटला की लोकर हवीच, हा समज त्यामुळे निराधार ठरतो.

युरोपात हे विणकाम दोन्ही टोके टोकदार असलेल्या चार-पाच आखूड सुयांवर गोलात केले जाई. जर्मनीतील बुक्सटेहुडे येथील, सुमारे १४०० मधील वेदीचित्रात मेरी अशाच सुयांवर बाळाचा अंगरखा गोल विणताना दाखवली आहे. १५८९ मध्ये इंग्लंडमधील विल्यम ली यांनी मोजे विणणारे पहिले यंत्र तयार केले. ते सपाट कापड विणत असे आणि मोज्याला मागून शिवण घालावी लागे. गोल विणणाऱ्या यंत्राचे एकस्व मार्क ब्रुनेल यांनी १८१६ मध्ये मिळवले. त्यानंतर हातमोज्यांचा आणि पायमोज्यांचा धंदा हळूहळू कारखान्यांत गेला. भारतात लुधियाना आणि तिरुपूर ही या उद्योगाची मोठी केंद्रे होत.

दोन आखूड टोकांना लवचीक तारेने जोडणारी गोल सुई विसाव्या शतकात प्रचारात आली. प्रारंभी ती स्वेटरसारख्या मोठ्या घेराच्या कामापुरतीच वापरली जाई, कारण मोज्याचा छोटा घेर तिच्यावर मावत नसे. यावर दोन तोडगे निघाले. अमेरिकेतील कॅट बोर्डी यांनी २००१ मध्ये दोन गोल सुयांवर मोजे विणण्याच्या पद्धतीचे पुस्तक प्रसिद्ध केले. पाठोपाठ २००२ मध्ये बेव्हर्ली गॅलेस्कस यांनी, सारा हौश्का यांच्याकडून शिकलेली युक्ती 'द मॅजिक लूप' या पुस्तिकेतून मांडली. या युक्तीत लांब तारेची एकच गोल सुई पुरते. नवशिक्यांना हीच पद्धत सोपी जाते, कारण सुया गळून पडत नाहीत आणि प्रवासातही काम सुरक्षित राहते.

साहित्य : सुई आणि धागा

मॅजिक लूप पद्धतीसाठी ८० ते १०० सेंटीमीटर लांबीची गोल सुई घ्यावी. तार मऊ असावी आणि तार व सुई यांच्या सांध्यात धागा अडकू नये. खरेदी करताना बोट फिरवून हे तपासावे. आपल्याकडे सुयांचे क्रमांक जुन्या ब्रिटिश पद्धतीने सांगितले जातात. या पद्धतीत क्रमांक जितका मोठा, तितकी सुई बारीक असते. पहिल्या जोडीसाठी १० क्रमांकाची, म्हणजे ३.२५ मिलिमीटर जाडीची सुई योग्य ठरते. याखेरीज मोठ्या नेढ्याची बोथट सुई, मोजपट्टी, कात्री आणि फेरीच्या सुरुवातीची खूण म्हणून वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे छोटे कडे एवढेच साहित्य लागते.

धाग्याच्या बाबतीत अधिक सावध राहावे. आपल्या बाजारपेठेत 'लोकर' म्हणून मिळणारा धागा बहुतेक वेळा ॲक्रिलिकचा असतो. तो स्वस्त आणि रंगीत असतो, सहज धुताही येतो. पण घाम शोषत नाही. शंका आल्यास धाग्याचा लहानसा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि तिची राख बोटांनी चुरडली जाते. सुताला कागद जळल्याचा वास येतो. ॲक्रिलिक वितळते आणि थंड झाल्यावर त्याची कठीण गुठळी होते.

मोज्यांसाठी जगभर रूढ असलेले मिश्रण म्हणजे सुमारे ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन. लोकर ऊब आणि लवचीकपणा देते, तर नायलॉनमुळे टाच लवकर झिजत नाही. मराठवाड्याच्या हवामानात वर्षाचे बहुतेक महिने सुती मिश्रण अधिक सोयीचे असते. शुद्ध सुताला मात्र स्वतःचा ताण नसतो. असा मोजा दुपारपर्यंत ढिला पडून घोट्यावर गोळा होतो. त्यामुळे थोडे ताणले जाणारे तंतू मिसळलेले सूत निवडावे. पहिली जोडी डबल निट, म्हणजे मध्यम जाडीच्या धाग्याची करावी. मध्यम मापाच्या जोडीला सुमारे १०० ग्रॅम धागा पुरतो. रंग फिका असावा. गडद रंगात टाके दिसत नाहीत.

माप आणि टाक्यांचा हिशेब

आधी १२ सेंटीमीटर रुंदीचा नमुना विणून मधल्या १० सेंटीमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावे. पुढील कृतीसाठी १० सेंटीमीटरमध्ये २४ टाके धरले आहेत. टाके जास्त भरले तर एक क्रमांक जाड सुई घ्यावी आणि कमी भरले तर बारीक घ्यावी. पुष्कळ जण ही पायरी वगळतात आणि मग मोजा घोट्यावरून चढत नाही.

यानंतर पावलाच्या रुंद भागाचा, म्हणजे चवड्याचा घेर मोजावा. या घेराला २.४ ने गुणून त्यातून १० टक्के वजा करावेत आणि जवळची ४ ने भाग जाणारी संख्या घ्यावी. मोजा पावलापेक्षा थोडा लहान असला तरच तो अंगाबरोबर बसतो. या हिशेबाने २० सेंटीमीटर घेराला ४४, २२ ला ४८, २४ ला ५२ आणि २६ सेंटीमीटरला ५६ टाके येतात. पाय सुजत असल्यास संध्याकाळी, सूज चढलेली असताना माप घ्यावे.

कृती : ४८ टाक्यांचा मोजा

प्रारंभ : ४८ टाके सैल हाताने घालावेत. ते सैल राहावेत म्हणून सुईची दोन्ही टोके एकत्र धरून त्यांवर टाके घालण्याची पद्धत उपयोगी पडते. नंतर सर्व टाके तारेवर सरकवून २४-२४ असे दोन भाग करावेत आणि मधून तार ओढून तिचा फास बाहेर काढावा. आता दोन्ही भाग समांतर आले. धागा मागच्या भागाच्या उजव्या टोकाशी असावा. मागची सुई ओढून तिने पुढच्या भागाचे २४ टाके विणावेत, काम फिरवावे, सुया सरकवाव्यात आणि दुसरे २४ विणावेत. ही एक फेरी झाली. जोडण्यापूर्वी टाक्यांची खालची कड कुठेही पिळली गेलेली नाही, याची खात्री करावी. एकदा पीळ जोडला गेला की सर्व उसवण्याखेरीज इलाज नसतो.

वरची पट्टी : २ सुलट, २ उलट या क्रमाने सुमारे ४ सेंटीमीटर विणावे. या पट्टीमुळे मोजा खाली घसरत नाही.

पोटरीकडचा भाग : यापुढे प्रत्येक फेरीत सर्व टाके सुलट विणावेत. सपाट विणकामात एक ओळ सुलट आणि एक उलट विणल्यावर जी गुळगुळीत बाजू मिळते, ती गोल विणकामात केवळ सुलट टाक्यांनी मिळते, कारण आपण सदैव बाहेरच्या बाजूनेच विणत असतो. हा भाग सुमारे १० सेंटीमीटर करावा.

टाचेची पट्टी : आता ४८ पैकी २४ टाके तसेच थांबवून उरलेल्या २४ टाक्यांवर दोन सुयांप्रमाणे सपाट विणावे. सुलट ओळीत एक टाका न विणता उचलावा आणि पुढचा सुलट विणावा. ओळ संपेपर्यंत हाच क्रम ठेवावा. उलट ओळीत पहिला टाका न विणता उचलून बाकीचे उलट विणावेत. अशा २४ ओळी कराव्यात. उचललेल्या टाक्यांमुळे टाचेचा भाग दुहेरी आणि टिकाऊ होतो.

टाच वळवणे : मोज्यातील सर्वांत कुतूहलाचा भाग हा आहे. ओळ पूर्ण न करता मध्येच परतल्यामुळे सपाट पट्टीला वाटीसारखा आकार येतो. दोन टाके नेहमीप्रमाणे एकत्र विणणे म्हणजे 'पुढून जोडी' आणि मागच्या फासातून एकत्र विणणे म्हणजे 'मागून जोडी' असे आपण समजू. पहिल्या ओळीत १४ सुलट, मागून जोडी, १ सुलट विणून काम परतवावे. दुसऱ्या ओळीत १ उचलावा, ५ उलट विणावेत, २ टाके एकत्र उलट, १ उलट आणि परतावे. परतलेल्या जागी आता एक फट दिसू लागते. पुढील प्रत्येक ओळीत पहिला टाका उचलावा, फटीच्या आधी एक टाका उरेपर्यंत विणावे, फटीच्या अलीकडचा व पलीकडचा टाका एकत्र विणावा, आणखी एक विणावा आणि परतावे. शेवटच्या दोन ओळींत जोडीनंतर विणायला टाका उरत नाही. तेथे जोडी विणूनच परतावे. दहा ओळींनंतर सुईवर १४ टाके उरले पाहिजेत. इतर मापांसाठी पहिल्या ओळीत टाचेच्या टाक्यांच्या निम्मे अधिक २ इतके टाके विणून सुरुवात करावी.

कळी : हे १४ टाके सुलट विणून टाचेच्या पट्टीच्या कडेने १२ टाके उचलावेत, थांबवलेले २४ विणावेत आणि दुसऱ्या कडेने पुन्हा १२ उचलावेत. एकूण ६२ टाके होतात. दोन्ही कोपऱ्यांत छिद्र राहू नये म्हणून एकेक जादा टाका उचलून पुढच्या फेरीत तो शेजारच्या टाक्याबरोबर विणून टाकावा. आता तळव्याच्या बाजूला ३८ आणि वरच्या बाजूला २४ टाके आहेत. एका फेरीत तळव्याच्या टाक्यांवर १ सुलट, मागून जोडी, शेवटचे ३ उरेपर्यंत सुलट, पुढून जोडी, १ सुलट असे विणावे. पुढची फेरी साधी विणावी. हे ७ वेळा केल्यावर टाके पुन्हा ४८ होतात. कुर्त्याला जशी कळी लावतात, तशी त्रिकोणी कळी मोज्याच्या दोन्ही बाजूंना या रीतीने आपोआप तयार होते.

पाऊल आणि बोटे : टाचेच्या मागच्या टोकापासून मोजत, पावलाच्या लांबीपेक्षा सुमारे साडेपाच सेंटीमीटर कमी भरेपर्यंत साधे सुलट विणावे. त्यानंतर वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही भागांवर १ सुलट, मागून जोडी, शेवटचे ३ उरेपर्यंत सुलट, पुढून जोडी, १ सुलट अशी घट करावी. एका फेरीत ४ टाके कमी होतात. एक फेरी घटीची आणि एक साधी असे ६ वेळा केल्यावर २४ टाके उरतात. आणखी दोन फेऱ्यांत प्रत्येक फेरीला घट केली की १६ उरतात : वर ८ आणि खाली ८.

मिटवणे : धागा सुमारे ३० सेंटीमीटर ठेवून कापावा आणि बोथट सुईत ओवावा. दोन्ही सुया समांतर धराव्यात. प्रथम पुढच्या सुईवरील पहिल्या टाक्यात उलट विणताना घालतात तशी आणि मागच्या सुईवरील पहिल्या टाक्यात सुलट विणताना घालतात तशी सुई घालून दोन्ही टाके तसेच ठेवावेत. यापुढे एकच क्रम चालतो. पुढची सुई : पहिल्या टाक्यात सुलट घालून तो उतरवावा, दुसऱ्यात उलट घालून तो ठेवावा. मागची सुई : पहिल्यात उलट घालून उतरवावा, दुसऱ्यात सुलट घालून ठेवावा. या क्रमाने वरखालचे टाके एका नव्या ओळीने सांधले जातात आणि शिवण राहत नाही. इंग्रजीत ही जोडणी लॉर्ड किचनेर यांच्या नावाने ओळखली जाते. १९०२ ते १९०९ या काळात ते भारतातील ब्रिटिश फौजेचे सरसेनापती होते. पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी घरोघरी मोजे विणले जात असताना त्यांचे नाव या जोडणीला चिकटले, असे सांगितले जाते.

नवशिक्यांच्या नेहमीच्या अडचणी

दोन्ही भागांच्या सांध्यावर टाके सैल पडून शिडीसारखी रेघ दिसते. प्रत्येक भागाचा पहिला आणि दुसरा टाका विणताना धागा किंचित ओढून घेतल्यास ही रेघ जाते. टाका गळाल्यास घाबरू नये. क्रोशाच्या सुईने तो एकेका आडव्या धाग्यावरून वर चढवत आणता येतो. टाचेचा हिशेब चुकल्यास मात्र टाचेची पट्टी संपते तिथपर्यंत उसवणेच श्रेयस्कर. एक मोजा पूर्ण झाल्यावर दुसरा मागे पडतो, हा जगभरचा अनुभव आहे. त्यावर उपाय म्हणून पहिला मोजा मिटवला की त्याच बैठकीत दुसऱ्याचे टाके घालून ठेवावेत. रोज तासभर दिला तर पहिली जोडी साधारणपणे दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण होते.

मधुमेही आणि ज्येष्ठांसाठी

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात पावलांच्या नसा बधिर होतात. मोज्याची जाड शिवण किंवा चुणी दिवसभर घासत राहिली तरी ती कळत नाही आणि छोट्या फोडाची चिघळलेली जखम होऊ शकते. म्हणूनच अशा रुग्णांना बिनशिवणीचे, घट्ट इलॅस्टिक नसलेले आणि फिक्या रंगाचे मोजे वापरण्याचा सल्ला दिला जातो. जखमेतून रक्त किंवा पाणी आले, तर त्याचा डाग फिक्या रंगावर लगेच दिसतो.

गोल विणलेला मोजा या तिन्ही अटी पूर्ण करतो. मात्र काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. धागा मऊ असावा आणि जोडांना गाठी मारू नयेत. धाग्याची टोके आत लोंबू न देता टाक्यांतून ओवून घ्यावीत. मोज्याच्या आतल्या बाजूस उलट टाक्यांचे बारीक उंचवटे असतात. ते बोचत असतील तर मोजा उलटा करून घालावा. वरच्या पट्टीचा वळ पोटरीवर उमटत असेल तर तो मोजा वापरू नये. मोजा बूट-चपलेत घट्ट होत असल्यासही तो वापरणे टाळावे. मोजा हा उपचार नव्हे. पावले रोज तपासणे आणि जखम दिसताच डॉक्टरांकडे जाणे याला पर्याय नाही.

ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी एक धोका लक्षात घ्यावा. गुळगुळीत फरशीवर नुसता मोजा घालून चालल्यास पाय घसरतो. आपल्याकडे घरातही चप्पल वापरणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी अंगठा वेगळा असलेला मोजा सोयीचा ठरतो. तो विणताना अंगठ्याच्या बेचक्यापर्यंत आल्यावर अंगठ्याच्या बाजूचे वरचे ८ आणि खालचे ८ टाके वेगळ्या दोऱ्यावर ओवून ठेवावेत. उरलेल्या ३२ टाक्यांत बेचक्यापाशी २ नवे टाके घालून चार बोटांचा भाग पूर्ण करावा. नंतर थांबवलेले १६ आणि बेचक्यातून उचललेले २ अशा १८ टाक्यांवर अंगठा विणावा. अशा जोडीत डावा आणि उजवा मोजा वेगळा असतो, हे विसरू नये. दीड हजार वर्षांपूर्वी चप्पल घालणाऱ्या इजिप्तकरांनी काढलेला तोडगा आपल्याला आजही लागू पडतो.

निगा आणि अर्थकारण

लोकरी मोजे कोमट किंवा थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुवावेत. ते पिळू नयेत. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि सावलीत आडवे वाळवावेत. गरम पाणी आणि घासणे यांमुळे लोकर आटते. टाच विरू लागली की भोक पडण्यापूर्वीच रफू करावे. त्यासाठी प्रत्येक जोडीचा थोडा धागा शिल्लक ठेवावा.

बचत गटांतील महिलांना यातून उत्पन्न मिळेल का, असा प्रश्न हमखास विचारला जातो. एका जोडीला सरावलेल्या हातालाही १५ ते २० तास लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे यंत्रावरच्या मोज्याशी किमतीत स्पर्धा करणे शक्य नाही, हे उघड होते. यंत्राला जे परवडत नाही, तेथे मात्र या कामाला मोल आहे. एक पाय सुजलेला, एखादे बोट गमावलेले, दोन पावलांची मापे वेगळी किंवा नेहमीच्या मोज्याचे इलॅस्टिक काचणारे अशा लोकांसाठी बाजारात तयार माप क्वचितच मिळते. त्यांच्या पावलावर मोजपट्टी ठेवून टाक्यांचा हिशेब करणे हे हाताचेच काम आहे. विक्रीचा विचार करायचाच झाला, तर तो अशा मागणीनुसार विणलेल्या जोड्यांचा करावा आणि धाग्याबरोबर वेळेचीही किंमत लावावी.

शिकण्याची सुरुवात मात्र घरातूनच व्हावी. दोन सुयांवर विणणारी आजी, आई किंवा मावशी बहुतेक घरांत असते आणि तिच्या सुया कपाटात पडून असतात. तिला सुलट-उलट टाका शिकवायची गरज नाही. एक गोल सुई, १०० ग्रॅम धागा आणि घरातल्याच एखाद्या पावलाचे माप एवढ्यावर थंडी सरण्यापूर्वी पहिली जोडी तयार होऊ शकते.